हिरव्या टो ट्रकचा दांडा

हे गेले त्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तोवर क्लबचे दोघे जण यादी घेऊन दारात उभे. यादीबरोबर त्यांनी फुगेवाल्या प्लास्टिकची गुंडाळीही आणली होती, गाड्या बांधून न्यायला. मला ती गुंडाळी आधी दिसली आणि माणसं नंतर.

क्लब म्हणजे छोट्या गाड्या जमवणाऱ्यांचा. खेळण्यातल्या गाड्या म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. धातूच्या गाड्या, खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाच्या, दारं उघडतात, आतल्या सीटची शिवणसुद्धा दिसते. आमच्याकडे अशा चारशेच्या वर आहेत. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. दिवसभर स्वतःचा जीव शिकाऊ माणसांच्या हाती द्यायचा आणि संध्याकाळी ज्या कुणाला धडकत नाहीत अशा गाड्यांजवळ जाऊन बसायचं, असा त्यांचा क्रम होता. त्यात रेसच्या गाड्या एक नाही. सगळ्या कष्टाच्या: बस, टँकर, कचरागाडी, अँब्युलन्स, बंबाची गाडी.

या क्लबात एक रीत आहे. सभासद गेला की बाकीचे त्याच्या घरी जातात आणि जुन्या सभासदापासून सुरुवात करून एकेक जण आपल्या आवडीची गाडी उचलतो. याला ते ‘गाडीला घर देणं’ म्हणतात. आमच्यात याला मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात. पण आल्या माणसाला मी पाणी दिलं, चहा टाकला.

अध्यक्ष ह्यांच्या खुर्चीत बसले. डोळ्यांचे डॉक्टर ते, आता दवाखाना बंद केलाय, पण खिशात भिंग असतंच. सेक्रेटरी औषधांचा दुकानदार, मऊ माणूस, तो स्टुलावर बसला. अध्यक्षांनी ह्यांच्याबद्दल चार चांगले शब्द काढले आणि मग कपाटाकडे बघून म्हणाले, “वहिनी, तुम्ही काळजीच करू नका. तुम्हाला यातलं काय कळणार? आम्ही आहोत ना.”

असं म्हणून ते हसले. हसले तेव्हा वरच्या डाव्या बाजूचे दोन दात दिसले आणि त्यांच्यामागची बारीक तार. मी ते दात ओळखले. ते मीच केलेले होते.

हे सांगायला हवं. मी कवळ्या करते. सदतीस वर्षं झाली. घराच्या मागच्या खोलीत माझी लॅब आहे: भट्टी, मेण, प्लास्टर, पॉलिशचं चाक. दाताचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, सोबत नंबर. नाव मला कळत नाही आणि मी विचारत नाही. दात करून पाठवले की माझा संबंध संपला. पण आपल्या हातचं काम रस्त्यातही ओळखू येतं. शेजारचा खरा दात जरा तिरपा असेल तर मी खोटाही तेवढाच तिरपा बसवते, आणि अध्यक्षांचा तो सुळा मी दोन दिवस घासून तिरपा केला होता. आमच्या धंद्यात चांगलं काम तेच, जे कुणाला कळत नाही. या धंद्याचं हे मला कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी खटकलं.

अध्यक्षांना खरं तर चारशे गाड्या नको होत्या. त्यांना एकच हवी होती, हिरवा टो ट्रक. येत्या प्रदर्शनात ह्यांच्या नावानं एक करंडक सुरू करायचं ठरलंय, म्हणाले, आणि त्या दिवशी हा ट्रक क्लबला अर्पण करावा, तो क्लबच्या काचेच्या कपाटात कायमचा राहील. क्लबचं काचेचं कपाट अध्यक्षांच्या दिवाणखान्यात आहे.

मी सांगितलं की कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे आणि तिथंच राहील. मग त्यांचे चेहरे बघून म्हटलं, ट्रक मात्र प्रदर्शनाला मी स्वतः घेऊन येते. तेवढ्यावर दोघांचं समाधान झालं. प्लास्टिकची गुंडाळी जशी आली तशी परत गेली.

आता त्या ट्रकची गोष्ट.

ह्यांनी तो अकरा वर्षांपूर्वी एका मोडीच्या दुकानातून आणला, बुटाच्या खोक्यात. बंद पडलेली गाडी ओढून नेणारा ट्रक, मागे तिरपा दांडा, त्याला हुक. ट्रक होता, दांडा नव्हता. दांड्याच्या जागी खोक्याच्या तळाला करडा भुगा होता. जुन्या काळी या गाड्यांच्या जस्तात कधी कधी शिसं मिसळलं जायचं. मग तो धातू वर्षानुवर्षं आतल्या आत फुगतो, तडकतो आणि एक दिवस बिस्किटासारखा भुगा होतो. जमवणारे त्याला कीड म्हणतात, आणि ती लागली की औषध नाही. या ट्रकच्या दांड्याचा सगळा घाणाच कीड लागलेला निघाला होता. क्लबात तसे आणखी दोन ट्रक होते, एक अध्यक्षांचा, एक सेक्रेटरींचा, आणि दोघांचेही दांडे बाटलीत भरून ठेवलेले.

ह्यांनी खोकं माझ्यापुढं ठेवलं आणि नुसते उभे राहिले. तोंडानं काही मागायचे नाहीत. बसचा आस वाकला, अँब्युलन्सचं दार निसटलं, की ती गाडी माझ्या टेबलावर येऊन बसायची आणि हे शेजारी दिवा धरून उभे. अशा एकसष्ट गाड्या मी उभ्या केल्या. त्या संध्याकाळी आम्ही खूप बोलायचो. लग्नाच्या पहिल्या वर्षांत बोललो नसू तेवढं त्या दिव्याखाली बोललो.

दांडा मी जुन्या फोटोवरून मेणात कोरला आणि कवळीच्या सांगाड्याच्या धातूत ओतला. तो धातू चाळीस वर्षं माणसाच्या लाळेत राहून काळा पडत नाही, त्याला कीड काय लागणार! दातांच्या छटा जुळवणारीला हिरवा रंग जुळवणं जड नाही, तरी सहा वेळा पुसला. तळाची पाटी काढायला तिचे दोन रिवेट ड्रिलनं उडवावे लागले. जमवणाऱ्यांच्या लेखी हे पाप. रिवेट शाबूत म्हणजे गाडी उघडलेली नाही, म्हणजे अस्सल. म्हणून मी त्याच धातूची नवीन डोकी करून बसवली. आणि पाटी लावण्यापूर्वी, प्रत्येक कवळीच्या आत खरवडते तसा, सुईनं तिच्या आतल्या बाजूला माझ्या कामाचा नंबर आणि तारीख टाकली. मुद्दाम नाही. हाताची सवय.

हे त्याच आठवड्यात ट्रक क्लबात घेऊन गेले. नुसता दाखवायला. अध्यक्षांनी भिंग लावून अर्धा तास बघितला, रिवेट बघितले, रंग बघितला आणि जाहीर केलं की कीड न लागलेला, मूळ दांड्याचा हा एकमेव ट्रक आहे. टाळ्या झाल्या. क्लबच्या अंकात त्यांच्या सहीनं लेख आला. साऱ्या जगात ज्याचा भुगा झाला तो दांडा एकट्या ह्यांच्याच गाडीत कसा टिकला, हा प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरांना पडला नाही.

टाळ्या झाल्या त्या दिवशी घरी आले तेव्हा ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला ऐकून हसू आवरेना. मी म्हटलं, अहो, पुढच्या बैठकीत सांगून टाका, सगळे हसतील. हे म्हणाले, सांगतो. पुढच्या बैठकीला अध्यक्ष आजारी होते. त्याच्या पुढच्या बैठकीत ह्यांचा सत्कार झाला. मग लेख छापला गेला, मग दुसऱ्या क्लबातले लोक ट्रक बघायला आले, आणि सांगायची वेळ निघून गेली. मी वर्षभर भांडले. “माझं काम आहे ते, तुमच्या तोंडून एकदा तरी निघू दे,” म्हटलं. ते मान खाली घालायचे. मी गप्प बसले ती पटलं म्हणून नव्हे. रोजच्या जेवणाच्या ताटावर तेच भांडण किती दिवस वाढायचं, म्हणून.

शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, “तो ट्रक कुणाला देऊ नकोस.” मी विचारलं, का, उघडं पडेल म्हणून, की माझा आहे म्हणून? “दोन्ही,” म्हणाले.

मला त्यांचा राग येतो. अजून येतो. आणि संध्याकाळी मागच्या खोलीत एकटीनं दिवा लावताना त्यांची इतकी आठवण येते की हातातलं मेण गार होऊन जातं.

लेक दोन दिवसांसाठी आली तेव्हा तिला मी सरळ सांगितलं की प्रदर्शनात खरं काय ते बोलणार आहे. ती ट्रकची गोष्ट पहिल्यापासून जाणून होती. गाड्यांपुढची कार्डं तीच लिहायची, तिचं अक्षर छापल्यासारखं. तिनं हातातली पिशवीच खाली ठेवली. बाबांच्या नावाचा करंडक त्याच दिवशी सुरू व्हायचाय, म्हणाली, आणि त्याच दिवशी तू त्यांना खोटं पाडणार? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आई. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ते आता उत्तर द्यायलाही नाहीत.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. रात्रभर नाही, पण दोन दिवस मी त्याचा विचार केला. गप्प राहिले तर ह्यांचं नाव राहणार होतं आणि माझा दांडा अध्यक्षांच्या दिवाणखान्यात, कधीच कुणाचा नसल्यासारखा. बोलले तर दांडा माझा होणार होता आणि ह्यांचं नाव जाणार होतं. मी लेकीला म्हटलं, “बाबा लबाड नव्हते. भित्रे होते. त्यांच्या भित्रेपणाला मी जिवंतपणी अकरा वर्षं सांभाळलं. आता मला नाही जमणार.” ती माझ्याशी न बोलता परत गेली.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं, रविवारी सकाळी. लांबच लांब टेबलं, त्यांवर गाड्यांच्या रांगा, हातमोजे घातलेली मोठमोठी माणसं. मधल्या टेबलावर निळं कापड आणि त्यावर रिकामी जागा, आमच्या ट्रकची. शेजारी करंडक. लेक आली होती. बापासाठी आली होती, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं. तिनं कार्ड तेवढं मांडलं: ‘टो ट्रक, मूळ दांडा अखंड’, आणि खाली बापाचं नाव.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्या ट्रकबद्दल बोलताना त्यांचा आवाज ओला झाला, आणि मला वाईट वाटलं, कारण ते नाटक नव्हतं. माणसाचा त्या दांड्यावर खराखुरा जीव होता. मग त्यांनी मला पुढं बोलावलं. मी ट्रक निळ्या कापडावर ठेवला आणि पिशवीतून माझं हातात धरायचं छोटं ड्रिल काढलं. सेक्रेटरींना विचारलं, प्लग कुठे आहे. ते सवयीचे आज्ञाधारक, त्यांनी वायर लावूनसुद्धा दिली.

मी ट्रक उलटा केला आणि ड्रिल सुरू केलं. दाताच्या दवाखान्यात असतो तोच तो आवाज. पुढच्या रांगेतल्या दोघांनी आपोआप गाल धरले. पहिला रिवेट उडाला तेव्हा अध्यक्षांनी माझं मनगट पकडलं.

“वहिनी, काय करताय? तो एकमेव आहे.”

“एकमेवच आहे. हात सोडा, ड्रिल चालू आहे.”

त्यांनी सोडला. दुसरा रिवेट उडाला, पाटी निघाली. मी ती त्यांच्या हातात दिली आणि भिंगातून वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. नंबर आणि त्याखाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. मग मी दांड्याच्या टोकाला जरा घासलं. हिरव्या रंगाखालून पांढरी चकाकी आली. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. मी सभागृहाला सांगितलं की हा दांडा मी केला, माझ्या मागच्या खोलीत, कवळीच्या धातूत. रिवेटही माझे. ज्या आणखी साठ गाड्या तुम्ही ह्यांच्या टेबलावर वाखाणल्यात, त्याही मी उभ्या केल्या. ह्यांनी त्या शोधल्या, आणल्या आणि मला दिवा धरला. अस्सल आहे असं ते स्वतःच्या तोंडानं कधीच म्हणाले नाहीत. तुम्ही म्हणालात, आणि त्यांना नाही म्हणायचा धीर झाला नाही. एवढाच त्यांचा गुन्हा.

मग कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी पाटी खाली ठेवली. रागानं नव्हे, एखाद्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात ते म्हणाले की म्हणजे ही गाडी नकली आहे, मूळ गाड्यांच्या टेबलावर ती ठेवता येणार नाही. आणि या परिस्थितीत करंडकाचाही पुन्हा विचार करावा लागेल.

लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी अध्यक्षांच्या जवळ गेले. जे बोलायचं होतं ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. कुणाच्या तोंडातले दात खोटे हे चारचौघांत बोलायचं नाही, ही माझ्या धंद्याची इमानदारी. फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “डॉक्टर, वरचे डावीकडचे दोन. त्यांचा सांगाडा याच धातूचा आहे, याच हातचा. आठ वर्षं जेवताय त्यावर. तेही नकली म्हणून काढून ठेवणार का?”

त्यांची जीभ गालाच्या आतून त्या जागी गेली, मला बाहेरून दिसली. पण माणूस हट्टी. त्यांनी मान फिरवली आणि सेक्रेटरींना खूण केली: ट्रक हलवा.

“हात लावू नका,” मी म्हटलं. “मी हलवते.”

दाराजवळ एक रिकामी खुर्ची होती. तिच्यावर मी ट्रक ठेवला, शेजारी तळाची पाटी उलटी, नंबर वर. स्टूल ओढलं आणि बसले. त्या दारातूनच आत यायचं आणि त्याच दारातून बाहेर जायचं. मला चुकवून कुणाला जाता येणार नव्हतं. घरी जा म्हणून क्लबवाल्यांनी मला दोनदा सांगून पाहिलं. मी म्हटलं, सभागृह बंद होईल तेव्हा मीही उठेन. सकाळ गेली, दुपार झाली. करंडक कुणीतरी कापडात गुंडाळून नेला. तो माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.

पण लोक थांबू लागले. आधी न बघितल्यासारखं करून, मग वाकून. एका बाईंनी पाटी हातात घेऊन वाचली. एकानं विचारलं, हुकाची तार कसली. मी म्हटलं, कवळी अडकवायची. तो इतका वेळ बघत उभा राहिला की त्याच्या मागं रांग लागली. मधल्या निळ्या कापडाशी तेव्हा कुणी नव्हतं.

चारच्या सुमाराला सेक्रेटरी आले. दोनदा मागं वळून अध्यक्षांकडे बघितलं. मग खिशातून औषधाची छोटी बाटली काढली. आत करडा भुगा. त्यांचा दांडा. म्हणाले, “वहिनी, होईल?”

“होईल. पण आत माझा नंबर असेल आणि कार्डावर माझं नाव. मूळ म्हणून मांडायचा नाही.”

त्यांनी बाटली हातातल्या हातात फिरवली. भिडस्त माणूस, बायकोलासुद्धा विचारून चष्मा पुसत असेल. पण बाटली त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि, “नाव कसं लिहायचं तेवढं सांगून ठेवा,” म्हणाले.

ते गेले तसं मागून कुणीतरी माझ्या स्टुलाशी आलं. लेक होती. डोळे सुजलेले. हातात ते सकाळचं कार्ड आणि पेन. मला वाटलं, आता ही भांडणार, आणि मी भांडायची तयारी केली. तिनं विचारलं, “यावरचं ‘मूळ’ खोडते. बाबांचं नावही काढू?”

“ते का काढायचं? शोधून त्यांनीच आणला.”

“मग?”

“त्याखाली लिही, दांडा कुणी केला. आणि अक्षर तेवढंच मोठं काढ. कमी नको.”

तिनं कार्ड गुडघ्यावर धरलं. ‘मूळ’ खोडलं. बापाच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, सावकाश, छापल्यासारखं. मग ट्रकला टेकवून कार्ड उभं केलं, तेव्हा मी चष्मा लावून बघितलं. माझी अक्षरं तिनं जरा मोठीच काढली होती.